भिंतीला नाक लावून उभा ट्रॅक्टर

३ ऑक्टोबर

भाऊजी,

नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवते. कामाचं लिहायचं आहे आणि मला एका जागी बसवत नाहीये. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून शेडपर्यंत जाऊन आले.

ट्रॅक्टर चालू होत नाही. आधी किल्ली फिरवली की निदान तो तांबडा दिवा मिणमिणायचा, आता तोही नाही. सेल्फ मारला तर साधं टिकसुद्धा होत नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरं-हिरवं काहीतरी फुलून आलंय.

तुमचे दादा धरणाच्या कामावर गेलेत. जाताना म्हणाले, महिन्याभराचं काम आहे. पोचल्याचं एक कार्ड आलं, त्यावर पत्ता नव्हता. त्यानंतर त्यांनी काही ताकास तूर लागू दिलेली नाही. उन्हाळा संपायच्या आत गेलेला माणूस, आता ऑक्टोबर लागला.

तुम्ही म्हणाल, बॅटरी कशाला हवी, दादा तर कायम उतारावर लावायचा. खरं आहे. विहिरीकडच्या उतारावर तोंड खाली करून लावायचा, सकाळी ब्रेक सोडायचा, थोडा घरंगळला की क्लच सोडायचा, आणि डिझेलचं इंजिन आपसूक चालू व्हायचं. बॅटरीवाचून आमचं कधी अडलं नाही. पण या वेळी जाताना त्यांनी तो शेडमध्ये सपाटीवर नेऊन ठेवलाय. भिंतीला नाक लावून, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा. चाकांना पुढून-मागून दगड. बॅटरीची वायर सोडून ठेवलेली. ती मी जोडून पाहिली, उपयोग झाला नाही. महिन्यासाठी जाणारा माणूस एवढी बांधाबांध करतो का, असा प्रश्न मला रोज पडतो.

चार माणसं बोलावून तो मागे ओढता येईल. पण चार माणसं आली की पहिला प्रश्न, मालक कुठे? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि नाही हे गावाला कळायला नको. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर सांगितला तरी तेच. जमीन वाळत चाललीय. लवकर नांगर शिरला नाही तर ढेकूळ फुटणार नाही आणि हे वर्ष गेलं समजा. सकाळपासून चहूबाजूंनी दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरचे आवाज येतात आणि मी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरते.

तुम्ही दिवसभर बॅटऱ्यांमध्येच बसलेले असता ना? मग सांगा, मेलेली बॅटरी जिवंत कशी करायची. सरळ सांगा, भाषण नको.

वहिनी


१० ऑक्टोबर

वहिनी,

तुम्ही मला आपणहून लिहिलेलं हे पहिलं पत्र आणि तेही बॅटरीसाठी. तेव्हा बॅटरीचे आभार. जीपवाल्याने ते साबणाच्या खोक्यात टाकून आणलं, त्यामुळे वासही छान होता.

माझं तुम्हाला माहीतच आहे. डोंगराच्या माथ्यावर एक मनोरा, त्याखाली दोन खोल्या आणि बॅटरीची खोली. अर्ध्या मुलखाचे फोन माझ्या डोक्यावरून जातात आणि मला एक करायचा म्हटला तर वरून परवानगी लागते. आठवड्याला एक जीप येते, तीच माझं टपाल, किराणा आणि करमणूक.

भाषण नको म्हणालात, म्हणून थोडक्यात. आधी अर्थिंगची वायर काढा, म्हणजे जी ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेली आहे ती. मग दुसरी. जोडताना उलटं, अर्थिंग शेवटी. ते हिरवं-पांढरं हाताने खरवडू नका, ते अॅसिडचं असतं. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओता, फसफसून निघून जाईल. वरची सहा झाकणं उघडा आणि आत बघा. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर बाटलीत मिळतं ते बॅटरीचं पाणी घाला, पट्ट्या बुडतील एवढंच. विहिरीचं नको, आणि कुणी कितीही शहाणपणाने सांगितलं तरी अॅसिड नको. मग चार्जिंगला लावायची, पण अगदी सावकाश. घाई केली की ती उकळते. चार्ज होताना जवळ काडी पेटवू नका, तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

इतके दिवस उपाशी पडलेली बॅटरी एका जेवणात उठत नाही. चार्ज करा, दिवा लावून उतरवा, पुन्हा चार्ज करा. तिसऱ्या खेपेला कळेल, जीव आहे की नाही.

दादाची काळजी नका करू. धरणाची कामं लांबतातच. खाऊन-पिऊन ठीक असणार.

तुमचा धाकटा दीर


१५ ऑक्टोबर

भाऊजी,

झाकणं उघडायला बॅटरी बाहेर तर आली पाहिजे. ती आहे सीटखालच्या खोक्यात आणि खोक्यावर लोखंडी पट्टा. पट्ट्याचा बोल्ट नुसता जागच्या जागी फिरतो, सुटत नाही. तेल घातलं, हातोडीने ठोकलं, शिव्या दिल्या. काल संध्याकाळी पाना भिंतीवर फेकून मारला आणि मग तो शोधत बसले.

मला फार वेळ उभं राहता येत नाही, हीच खरी अडचण आहे. तुम्हाला लिहिलं नव्हतं. लेकीलाही धड सांगितलेलं नाही, ती नोकरी सोडून इथे येऊन बसेल. उन्हाळ्यात उतारावरून ट्रॅक्टर सुटला आणि माझ्या उजव्या पायावरून गेला. दोन बोटं गेली. बाकीचा पाय आहे, चालते, जरा लंगडते एवढंच. कसं झालं ते विचारू नका, मी सांगणार नाही.

आणखी एक. तुमच्या दादांना पायाबद्दल एक शब्द बोलायचा नसायचा. दवाखान्यातून आणलं, पाणी दिलं, औषध दिलं, सगळं केलं, पण नजर कायम माझ्या खांद्याच्या वर. मी खोलीत चालू लागले की हे उठून बाहेर. पुढे पुढे तर मी बसूनच राहायची, निदान हे घरात थांबतील म्हणून. आणि मग धरणाचं काम निघालं.

त्या पट्ट्याचं काय करू ते सांगा. डोकं फुटायची वेळ आलीय.

वहिनी


२१ ऑक्टोबर

वहिनी,

पायाचं वाचलं. पत्र घेऊन मनोऱ्याभोवती फिरत होतो. जपा. बॅटरी एकटीने उचलू नका, दिसते त्यापेक्षा जड असते.

पट्ट्याचं सांगतो. सीट पूर्ण पुढे घ्या. मग पट्ट्याला खालून गुडघ्याने वर दाबून धरा आणि तसंच दाबून बोल्ट फिरवा. खालचा नट खोक्याच्या कोपऱ्यात अडकला की पकडतो, दाब नसला की सोबत फिरत बसतो. हातोडीचा काही उपयोग नाही.

बॅटरी काढलीत की चौकातल्या बॅटरीवाल्याकडे नेऊ नका. तो बोट लावायच्या आत मेली म्हणून सांगेल आणि नवी गळ्यात मारेल. वेल्डरकडे जुना चार्जर आहे, कोपऱ्यात पोत्याखाली असतो, तो सावकाश चार्ज करतो. वेल्डर बडबड्या आहे, पण चार्जरकडे लक्ष ठेवतो.

आणि चार्ज होऊनही सेल्फ नुसता टिक करून थांबला तर घाबरू नका. डाव्या हाताला, डिझेलच्या नळीखाली सेल्फचं गोल भांडं आहे. त्यावर पान्याच्या दांड्याने एक टोला द्यायचा. एकच. दोन दिले तर रुसतो.

इथे सगळं ठीक. यंदा वारा फार आहे. किराणा जरा जास्त लागतोय, वाऱ्याने भूक लागत असेल.

धाकटा


२६ ऑक्टोबर

भाऊजी,

गुडघा लावला आणि बोल्ट पहिल्या फेऱ्यात सुटला. बॅटरी हातगाडीवर घालून वेल्डरकडे नेली. चार्जर कोपऱ्यातच होता, पोत्याखालीच. वेल्डर बडबड्याच निघाला.

आता मला सांगा, हा ट्रॅक्टर घरी आला तेव्हा तुम्ही डोंगरावर जाऊन किती काळ झाला होता? नंतर तुम्ही एकदाच आलात, दोन दिवसांसाठी, आणि या सीटवर बसलात ते फोटो काढून घ्यायला. तेव्हाही ब्रेक कुठला आणि क्लच कुठला ते तुम्हाला कळत नव्हतं, आम्ही सगळे हसलो होतो. आणि तुम्ही मला सांगताय, नट कुठल्या कोपऱ्यात पकडतो, सेल्फ कितव्या टोल्याला रुसतो आणि वेल्डरच्या दुकानात पोत्याखाली काय आहे. वर वाऱ्याने भूक लागते म्हणे.

तो टोला देताना मी त्यांना आठ वर्षं बघतेय. एक टोला, मग पाना मांडीला पुसायचा.

तुमच्यावर रागावले नाही असं म्हणणार नाही. अंगाचा तिळपापड झाला. मी इथे रोज पोस्टमन दिसला की दारापर्यंत लंगडत जाते, आणि तुम्ही दोघं भाऊ तिथे मूग गिळून बसलाय.

आता इथून पुढचं मोठ्याने वाचा. ते खोलीत नसतील तर हाक मारा. बाहेर जायला उठतील, दारात तुम्ही उभे राहा.

अहो, ऐकताय ना?

त्या दिवशी आपला अबोला होता. कशावरून, ते आठवतंय तुम्हाला? विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपवरून. पाइप तेव्हाही गळत होता, आजही गळतोय. रोज तुम्ही उतारावर ब्रेक दाबून बसायचात, कारण ब्रेकची कडी धरत नाही आणि गिअरमध्ये ठेवला तरी हा सरकतो. मी चाकापुढे दगड लावायची आणि म्हणायची, लागला. मग तुम्ही उतरायचात. त्या दिवशी मला तुमच्याशी बोलायचं नव्हतं. दगड माझ्या हातात होता. मला वाटलं, हे विचारतील. एकदा विचारू देत, मग लावते. तुम्हाला वाटलं, दगड लागलाय, ही फक्त बोलत नाहीये. तुम्ही उतरलात आणि मी तिथेच उभी.

म्हणजे आपण दोघं होतो. हे सगळं एकट्याने उचलून घेऊन जायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? पाय माझा आहे. त्याचं काय वाटून घ्यायचं ते मी ठरवीन. मला पायाचा राग नाही. तुम्ही गेलात त्याचा आहे, आणि तो चांगला मोठा आहे.

एवढंच. भाऊजी, वाचून झालं की त्यांचा चेहरा कसा झाला ते कळवा.

वहिनी


१ नोव्हेंबर

वहिनी,

हात टेकले. मला खोटं बोलता येत नाही हे लहानपणी घरात सगळ्यांना माहीत होतं, मीच विसरलो होतो.

दादा धरणावर गेला होता हे खरं. तिथे जेमतेम पंधरवडा टिकला आणि मग एक दिवस जीपमधून इथे उतरला. मला शपथ घातली. मी म्हटलं, दोन दिवसांत निवळेल. निवळलं नाही. वहिनी, या माणसाने मला वेड लावलंय. एका जागी बसत नाही. माझ्या सगळ्या बॅटऱ्यांची टोकं घासून इतकी चकचकीत केलीत की आता तपासणीला साहेब आला तर मलाच संशयाने बघेल. दाराच्या बिजागऱ्या झाल्या, नळ झाला, कुंपण झालं. आता करायला काही उरलं नाही म्हणून कुंपणाच्या कडेने फिरतो. गवतात वाट पडलीय.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी माझ्या अकलेने उत्तर लिहिलं, तो फक्त ऐकत होता. पट्ट्याचं वाचलं तेव्हा त्याच्याने राहवलं नाही. "गुडघा लाव म्हणावं, गुडघा," असं दोनदा म्हणाला आणि मी ते उतरवून घेतलं. पुढचं सगळं त्यानेच सांगितलं. त्या दिवशी जेवणही नीट जेवला. मला वाटलं, गाडी रुळावर येतेय.

आता चेहऱ्याचं. तुम्ही सांगितलं तसं मी दारात उभं राहून वाचलं. दगड तुमच्या हातात होता, इथपर्यंत आलो आणि तो खाली बसला. सरळ जमिनीवर. म्हणाला, "दगड तिच्या हातात असू दे नाहीतर कुठे असू दे. 'लागला' ऐकल्याशिवाय उतरायचं नाही, हा नियम मी केला होता. मीच मोडला." मी म्हटलं, वहिनींना पायाचा राग नाही. तर म्हणतो, "ती चालते तेव्हा तिच्या पावलांचा आवाज वेगळा येतो. एक जड, एक हलका. तो मला ऐकवत नाही." मी तुमच्यापासून आणखी काही लपवणार नाही, म्हणून जसंच्या तसं लिहिलं.

आणि वाईट बातमी शेवटी. खाली रस्त्याचं काम निघालंय, रोलर चालवायला माणूस हवाय. जीपवाल्याने सांगितलं आणि याने होकार दिला. काम पुढे पुढे सरकत जाणारं आहे, दूरपर्यंत. पुढच्या खेपेच्या जीपने जातो म्हणतो. तुम्हाला निरोप दिलाय: ट्रॅक्टर विकून टाक, शेजाऱ्याकडून नांगरून घे. माझं ऐकत नाही. मी धाकटा, माझं त्याने कधीच ऐकलेलं नाही. तुमचं पत्र जीपच्या आत पोचलं तर काही होईल.

धाकटा


५ नोव्हेंबर

भाऊजी,

हे पत्र पोस्टात न टाकता जीपवाल्याच्या मेव्हण्याकडे देतेय. तो खालच्या नाक्यावर असतो असं वेल्डरकडून कळलं. बडबड्या माणसाचा असा उपयोग होतो.

हेही मोठ्याने वाचा. भांडण नाही, बॅटरीची हकिगत आहे. ती ऐकायला ते थांबतील.

पहिल्या चार्जला बॅटरीने काही दाद दिली नाही. वेल्डर म्हणाला, "काकू, गेली ही." मी म्हटलं, अजून दोन खेपा आहेत. दिवा लावून उतरवली, पुन्हा लावली. मी दुकानातच स्टूल टाकून बसून होते. बसून म्हणजे काय, बसत होते आणि उठत होते. तिसऱ्या खेपेला झाकणांतून बारीक बुडबुडे यायला लागले, सहापैकी पाच डब्यांत. सहावी मुकी राहिली. तशीच आणून बसवली, अर्थिंग शेवटी. किल्ली फिरवली. टिक. मग टोला दिला, एकच, आणि पाना मांडीला पुसला. सुरू झाला. शेडभर धूर झाला आणि मी रडले, ते धुराने नाही.

भिंतीपासून मागे घेतला, अंगणात आणला, एक चक्कर मारली. अहो, चालवायला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा कुठे कळलं होतं कशाला कामाला येईल.

आता अडचण ऐका. पाच डब्यांची बॅटरी किती दिवस साथ देईल याचा नेम नाही. वेल्डर म्हणतो, एखाद्या सकाळी दगा देईल आणि मग शेडमध्येच अडकेल. म्हणजे ट्रॅक्टर पुन्हा उतारावरच लावायला हवा. उतारावर लावायचा तर एकाने ब्रेक दाबून बसायचं आणि दुसऱ्याने दगड लावायचा. इथे दुसरं कुणी नाही.

मी सोमवारी नांगरायला सुरुवात करतेय. संध्याकाळी काम संपलं की उतारावर आणीन आणि ब्रेकवर पाय ठेवून बसेन. उजवाच पाय, ब्रेक तिकडेच आहे. कुणी "लागला" म्हटल्याशिवाय मी उतरणार नाही. नियम तुमचाच आहे.

रोलर कुणीही चालवेल.

वहिनी


९ नोव्हेंबर

वहिनी,

घाईत लिहितो, पुढच्या खेपेला जाईल.

जीप आणि तुमचं पत्र बरोबरच आलं. दादाचं बोचकं बांधून तयार होतं. मी वाचलं. पाच डब्या, सहावी मुकी, इथे तो म्हणाला, "ती आधीपासूनच अशक्त होती." पाना मांडीला पुसला, इथे हसला. हसला म्हणजे तोंड तसं झालं. पुढचं वाचताना उठून खिडकीशी गेला. वाचून झालं. बोचकं उचललं आणि जीपमध्ये जाऊन बसला.

मी विचारलं, कुठे? तर म्हणाला, "खाली." खाली नाक्यावर दोन रस्ते फुटतात. एक रोलरकडे, एक स्टेशनकडे. जीपवाल्याला मी खुणेने सांगितलं, बघून ठेव. तो पुन्हा येईपर्यंत मला कळणार नाही.

माझा मोठा पाना नेलाय. न विचारता. रोलरवर पाने तेच देतात, म्हणजे हा घरच्या ट्रॅक्टरसाठी नेला असणार, असं मी स्वतःला समजावतोय. आता कुंपणाच्या कडेने मी फिरतोय.

तो आला की कळवा. नाही आला तरी कळवा.

धाकटा


२० नोव्हेंबर

भाऊजी,

तुमचं पत्र कालच पोचलं, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. तुमचा पाना इथे आहे. परत मिळेल असं वाटत नाही, दुसरा मागवून घ्या.

नांगरणी अर्ध्याच्या वर झाली. विहिरीखालचा तुकडा कडक गेलाय, बाकी माती अजून ऐकतेय. पाय संध्याकाळपर्यंत सुजतो. बॅटरी टिकली, त्या सहाव्या डबीशिवाय.

सोमवारी कुणी आलं नाही. काम संपवून मी उतारावर ट्रॅक्टर आणला, तोंड खाली करून उभा केला, इंजिन बंद केलं, ब्रेक दाबला आणि बसले. अंधार पडायला लागला तेव्हा ब्रेक सोडला, थोडा घरंगळला की जीव मुठीत धरून क्लच सोडला. चालू झाला. परत नेऊन शेडमध्ये सपाटीवर लावला. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. शेजारीण कुंपणापाशी येऊन म्हणाली, "रोज तिथे बसून काय बघता हो?" मी म्हटलं, "सूर्य." ती सूर्याकडे बघून गेली. तिने घरी जाऊन काय सांगितलं असेल ते तुम्हीच ओळखा.

भाऊजी, त्या दिवसांत माझ्या मनात काय काय आलं ते सांगत नाही. एकदा वाटलं, रागाच्या भरात माणसाला वाट दाखवली आणि तो दुसऱ्याच वाटेने गेला. एकदा वाटलं, बरंच झालं, आता रोज हे बसणं तरी संपेल. आणि तरी संध्याकाळ झाली की ट्रॅक्टर उताराकडे वळायचाच. मी वळवत होते की तो आपणहून, काय सांगू.

शनिवारी उतारावर आले तर विहिरीच्या कठड्यापाशी हे उभे. बोचकं पायाशी, हातात तुमचा पाना. नाक्यावरून आधी रोलरकडेच गेले होते म्हणे, तीन दिवस चालवला, आणि मग सोडून निघाले. हे मला नंतर कळलं. 

मी ट्रॅक्टर नेहमीच्या जागी आणला. बंद केला. ब्रेक दाबला. यांनी बोचकं बाजूला ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं. आमचा जुना दगड उन्हाळ्यापासून तिथेच गवतात पडलेला होता, तो मी हलवला नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, चाकापुढे ठेवला, पायाने घट्ट सरकवला. खाली वाकून पाहिला, आणखी एकदा सरकवला. मग उभे राहिले.

मी बसूनच. पाय आता थरथरायला लागला होता आणि तो त्यांना दिसत होता, कारण या वेळी ते त्याच्याकडेच बघत होते. पहिल्यांदा. नजर हलवली नाही. मला वाटलं, आता हे वळून जातील. मला रडायला येत होतं आणि रागही येत होता, आणि काही झालं तरी ब्रेकवरचा पाय काढायचा नाही, एवढंच मी मनात धरून होते.

त्यांचे ओठ हलले. ऐकू काही आलं नाही.

मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"लागला," ते म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "लागला. उतर."

मग मी उतरले.

वहिनी